उजव्या डोळ्यातली चिलटं

मालवण,
११ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सना,
नीरजाचा नमस्कार.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल, हे मला ठाऊक आहे. तरी एवढं वाचा. माफी मागायला लिहीत नाही. एक विचारायचं आहे, आणि ते तुमच्याखेरीज कुणाला विचारावं ते कळत नाही.

काल सकाळी तांदूळ निवडत होते. सुपावर चिलट फिरतंय म्हणून हाकललं, तर जाईना. भिंतीकडे बघितलं तर ते भिंतीवर. डोळा वळवला की तेही वळतं, आणि डोळा थांबला तरी जरा पुढे तरंगत जाऊन मग थांबतं. उजवा डोळा झाकला की दिसत नाही. म्हणजे सुपात नव्हतंच, माझ्याच डोळ्यात होतं. दुपारपर्यंत एकाची पाच-सहा झाली, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायला गेले तेव्हा खोलीत काळोख होता. उजव्या कानाच्या बाजूनं वीज चमकल्यासारखं झालं. मान वळवली की पुन्हा तसंच.

वन्स, माझ्या सुशांतच्या लग्नाच्या आठवड्यात तुम्ही चुलीपाशी उभ्या राहून मला हेच सांगितलं होतंत. चिलटं, जाळं आणि वीज. मी म्हटलं होतं, "वयाचा आसा. चष्मो बदलूया." पुढे तुमच्या डाव्या डोळ्याचं काय झालं ते सगळ्या आळीला माहीत आहे.

मला आठवत नाही ते इतकंच: चिलटं दिसल्यापासून काळा पडदा यायला किती दिवस गेले? चार की सहा? मी तेव्हा मोजले नव्हते.

तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही. ते घाबरतात, आणि ते घाबरले की मी घाबरते. आंबोलीला गणपतकडे राहायला गेलात तेव्हापासून त्याच्या दुकानात फोन केला की "मावशी मागे परड्यात आसा" हेच उत्तर येतं. सहा वर्षं तुम्ही परड्यातच आहात. म्हणून हे पत्र. मागच्या आळीतला सर्वेश हल्ली आंबोलीमार्गे जाणाऱ्या गाडीवर कंडक्टर आहे. गाडी गणपतच्या दुकानासमोरच थांबते. उद्या सकाळी त्याच्या हाती देते.

तुमची भावजय,
नीरजा


मालवण,
१४ नोव्हेंबर

ती. वन्सना,
नमस्कार.

डोळा वाचला. आधी तेवढं सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही बसून वाचाल.

परवा दुपारी दोन वाजता सर्वेश दारात आला. गणवेशातच होता, गळ्यातली पिशवीसुद्धा काढली नव्हती. हातात तुमची चिठ्ठी, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे लिहिलेली: "आजच जा. दिवस कसले मोजतस?" मी वाचली आणि त्याला पाणी आणायला वळले, तर तो म्हणाला, "काकी, पाणी नको. मावशेन सांगल्यान हा, चिठी वाचून झाली काय बसा नको, उठा. आणि माका सांगल्यान, काकी उठासर थयसून हलू नको." आणि खरंच हलला नाही. त्याचा आवाज ऐकून तुमचे भाऊ बाहेर आले. चिठ्ठी त्यांनी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि सदरा उलटा घालून गाडी बघायला गेले.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी केली आणि आत बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, उद्या सकाळीच म्हापशाला जा, मी फोन करून ठेवतो. तिथल्या डॉक्टर तरुण आहेत. एलिना नाव. बोलणं मोकळं. त्यांनी मला शहाळ्याचा दाखला दिला. डोळ्याच्या आत मलईसारखा गर भरलेला असतो. वय झालं की त्याचं पाणी होत जातं, तो आकसतो आणि आतल्या भिंतीपासून सुटतो. सुटताना त्याच्या गुठळ्यांची सावली पडते, ती चिलटं. तो मागच्या पडद्याला ओढतो तेव्हा वीज चमकते. बहुतेकांच्या डोळ्यात तो सुखरूप सुटून येतो. कुणाच्या डोळ्यात मात्र एखाद्या जागी चिकटून बसलेला असतो, तिथे पडदाच फाटतो.

माझा फाटला होता. वरच्या बाजूला, घोड्याच्या नालेएवढ्या आकाराची नव्हे हो, नालेसारख्या आकाराची, बारीकशी फाट. तिच्या कडेनं पाणी आत शिरायला लागलं होतं. त्याच दिवशी लेझर केलं. हनुवटी टेकवून बसायचं आणि हिरवे फटके झेलायचे. फाटीभोवती टाके घातल्यासारखं करतात, म्हणजे ती पुढे पसरत नाही. शेवटी शेवटी दुखलं, पण तुमच्यासमोर दुखण्याची गोष्ट काय सांगू?

निघताना मी विचारलं, "चिलटं दिसली म्हणजे डोळा जातोच का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. साठी ओलांडली की कितीतरी जणांना दिसतात आणि काही होत नाही. पण तुम्ही त्या बऱ्याच जणांतल्या की थोड्यांतल्या, हे आत बघितल्याशिवाय देवालाही कळत नाही."

त्यातलं पहिलं वाक्य मला सहा वर्षांपूर्वीच माहीत होतं. मी तेवढंच धरून बसले होते.

त्यांनी विचारलं, इतक्या लवकर कशा आलात? लोक पंधरा दिवस थांबतात. मी म्हटलं, नणंदेनं धाडलं.

नीरजा


मालवण,
२४ नोव्हेंबर

ती. वन्सना,

ओळी वाकड्या जातील. डाव्या डोळ्यानं लिहिते आहे.

मंगळवारी सकाळी उठले तर उजव्या डोळ्यापुढे काजळीच काजळी. चुलीच्या धुरात वाकून बघावं तसं. मला वाटलं, आला पडदा. तशीच म्हापशाला गेले. डॉक्टरांनी बघितलं. आकसणाऱ्या गरानं जाताजाता एक बारीक शीर ओढली होती, तिचं रक्त आत पसरलं होतं. लेझरचे टाके घट्ट आहेत, नवी फाट नाही. रक्त आपोआप खाली बसेल, विरेल, काही आठवडे लागतील. तोवर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, उशा रचून टेकून झोपायचं. म्हणजे खुर्चीत बसून राहायचं. मी अशी जन्मात बसले नव्हते. शाळेत शिकवत होते तेव्हा शाळा, घरी आले की वह्या तपासणं, आणि बाकीचं सगळं तुम्ही केलेलं असायचं.

बसून बसून एकच गोष्ट मनात येते. ती आता लिहिते. पोस्टानं धाडणार आहे, सर्वेशकडे देणार नाही, कारण तो दारात उभा राहिला तर मी हे पत्र परत मागून घेईन.

मी तुम्हाला नेहमी सांगत आले, आणि हॉस्पिटलातही सगळ्यांसमोर सांगितलं, की मला कल्पना नव्हती. ते खरं नाही. आपल्या शेजारची गौरजा तेव्हा आरोग्य केंद्रात नर्स होती. हळदीच्या आदल्या दिवशी तिनं मला मांडवामागे ओढून नेलं. म्हणाली, "वयनी, तुळसाताईंक आजच्या आज न्हेवा. चिलटां आणि वीज दोनय आसत. पडदो सुटलो तर डोळो जायत." मी म्हटलं, हो, नेते. मग मांडवात आले. तुम्ही वड्यांचं पीठ मळत होतात. दोनशे माणूस जेवायचं होतं, विहीणबाई उद्या येणार होत्या, आणि मला लग्नातल्या घाण्याच्या विधीला कोणती सामग्री लागते तेसुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही गेलात तर तुमचे भाऊही तुमच्याबरोबर जाणार. मी मनात म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय. त्या दिवशी मला तुमचे हात हवे होते, वन्स. डोळ्यांचा विचार मी केला नाही.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "नीरजा, खालच्या बाजून काळा काळा चढता." मग गाडी, ऑपरेशन, पुन्हा ऑपरेशन. पडदा धरलाच नाही. गौरजा मला भेटली तेव्हा माझ्याकडे नुसतं बघून गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. त्याच वर्षी तिची बदली झाली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहिते.

परवा तुमच्या भावाला सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माका कोणीच कसा नाय सांगूक?" आणि उठून माझ्यासाठी उशी सारखी केली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

उत्तराची अपेक्षा नाही.

नीरजा


आंबोली,
३० नोव्हेंबर

नीरजा,

तुझा पत्र दोन दिवस डब्यात ठेवलंय. काढी, वाची, परत ठेवी. गणपताच्या बायलेन इचारल्यान, कसलो कागद? मी सांगलंय, रेशनचो.

आता मीय खरा लिवतंय. शाळा सातवीपर्यंत, चुको काढू नको.

गौरजान तुका सांगण्याआधी माका सांगल्यान. मी परड्यात नारळ सोलत होतंय. थय येवन म्हणाली, "तुळसाताई, आजच डोळो दाखवा." मी तिका म्हटलंय, "लगीन होवदे. घरात कोणाक सांगशीत तर माझी शपथ." तिना शपथ मोडल्यान आणि तुका सांगल्यान. तू माका सांगूक नाय, मी तुका सांगूक नाय. दोघीय वडे थापीत बसलंव.

कित्याक थांबलंय ता आयक. सुशांताक ओवाळूचा कोणी, ह्येच्यावरसून वाद झालो होतो. तुझी आते म्हणाली, "तुळसा कुवार, लगीन नाय झाला, तिच्या हातान नको." तू सगळ्यांसमोर सांगलंस, "त्येका वाढवलो कोणी? वन्सच ओवाळतली." अख्ख्या जल्मात माका असो मान कोणी दिलो नव्हतो. तो सोडून मी हास्पिटलात जावन बसू? डोळो जायत ह्या माका खराच वाटाक नाय. पण मी थांबलंय ती तुझ्या वड्यांसाठी नाय. माझ्यासाठी थांबलंय.

मगे डोळो गेलो. बायो तुका बोलाक लागली, नोकरीवाल्या भावजयेन नणंदेचो डोळो घालवल्यान. माका जवळ घेवन रडत. मी गप रवलंय. कधी नाय ता कोण माझ्यासाठी हळहळत होता, माका ता बरा वाटला, नीरजा. मगे तुझा तोंड बघूक होयना. तू दर दिवशी वाळत चललंस आणि मी एक सबद बोलाक नाय. म्हणान हय आंबोलीक इलंय. लोकांक वाटला रागान. राग नाय गो, लाज. फोनार काय बोलतलंय? म्हणान परड्यात.

तू तुझ्या वाट्याचा धर. सगळा धरू नको.

तुझो डोळो जप. माझ्या बऱ्या डोळ्यातय दसऱ्यापासून एक चिलाट फिरता. ता वयाचा.

तुळसा


मालवण,
१ डिसेंबर

वन्स,

तुमचं पत्र आत्ता सर्वेशनं दिलं. बाकीचं मागाहून. शेवटची ओळ वाचून मी इतक्या मोठ्यानं ओरडले की तुमचे भाऊ आंघोळ अर्धी टाकून आले.

दसऱ्यापासून! मला "आजच जा" म्हणून कंडक्टर दारात उभा करता, आणि स्वतः एकुलत्या एका डोळ्यात दीड महिना चिलट घेऊन भाकऱ्या थापता?

उद्या सकाळी आम्ही दोघं गाडी करून येतो. म्हापशाला डॉक्टर एलिनांशी बोलले आहे. त्यांनी माझ्या तपासणीबरोबरच तुम्हालाही आणायला सांगितलं. आठ वाजता गणपतच्या दुकानापुढे उभ्या राहा. ही चिठ्ठी दुपारच्या गाडीनं मिळेल. काळा पडदा किंवा सावली दिसायला लागली तर आमची वाट बघू नका, गणपतला घेऊन आजच निघा.

परड्यात जाऊ नका.

नीरजा


मालवण,
९ डिसेंबर

ती. वन्सना,
नमस्कार.

तुम्हाला परत आंबोलीला सोडून आलो त्याला आठवडा झाला. गाडीत बोलायचं ते बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून मला आधी राग आला. चिलटाचा नाही, बाकीच्याचा. घाट चढेपर्यंत मी मनात तुमच्याशी भांडत होते. सहा वर्षं मी देवासमोर उभी राहिले की माझे हात जोडले जात नव्हते. सुशांतच्या लग्नाचा अल्बम मी उघडलेला नाही. आणि तुम्ही तिथे बसून सगळं जाणत होतात. दुकानापुढे गाडी थांबली की काय काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

मग तुम्ही दिसलात. जरीकाठी लुगडं, हातात पिशवी, आणि गाडी डावीकडून आली म्हणून सगळं अंग वळवून आमच्याकडे बघत होतात. एवढ्याशा झाला आहात. मी दार उघडून आत सरकले. तुम्ही म्हणालात, "आठ म्हणालं होतंस, सवाआठ झाले." आणि मागच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसलात. घाट उतरेपर्यंत तुमचे भाऊ ड्रायव्हरला रस्त्यातले खड्डे दाखवत होते. आपण दोघी दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत होतो. सावंतवाडीच्या अलीकडे तुम्ही माझा हात धरलात, तेव्हा मला कळलं की तुमचा हात थंडगार पडला आहे. मी रागावलेली आणि तुम्ही भ्यालेल्या. एवढा एक डोळा, आणि तोही गेला तर? तो विचार तुम्ही दीड महिना एकटीनं केला होतात.

डॉक्टर तुमचा डोळा आतून बघत होत्या तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी सगळीकडून बघितलं. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. पुन्हा वर. मला वाटलं, झालं. मग त्यांनी दिवा बाजूला केला आणि म्हणाल्या, "गर सुटलाय, पण नीट सुटलाय. पडद्याला कुठेही फाट नाही. हा डोळा चांगला आहे, आजी."

तुम्ही विचारलंत, "म्हणजे डोळो रवतलो?"

"रवतलो," त्या म्हणाल्या. "पण चिलटं वाढली, वीज दिसली, सावली आली, तर त्याच दिवशी यायचं. आणि महिन्यानं एकदा दाखवायचं."

मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "आता कित्याक रडतस? डोळ्यात औषध घातल्यानी तुझ्याय, ता व्हावान जायत." त्यावर डॉक्टरसुद्धा हसल्या. तुम्ही हसता आहात हे मला आवाजावरून कळलं, कारण माझ्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केलेल्या होत्या आणि समोरचं सगळं धुकट होतं. माझ्या डोळ्यातलं रक्त बरंचसं बसलं आहे हेही त्या म्हणाल्या, पण ते मी धड ऐकलं नाही.

गौरजाला मी फोन केला. ती आता देवगडला असते. तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, माझी आणि तुमची. ती म्हणाली, "सहा वर्सां माका वाटता, मीच तिसऱ्या माणसाक सांगूक होया होता." म्हणजे तिघीही मनात तेच धरून बसलो होतो. तिला रविवारी जेवायला बोलावलं आहे. तुमच्या भावाला विचारलं, आता तुम्हाला राग येतो का? म्हणाले, "येता. दोघींचोय." आणि बाजारात गेले.

तुम्ही "वाट्याचा धर" म्हणालात. माझ्या वाट्याचं मी धरलं आहे, वन्स, ते सुटणार नाही आणि सुटूही नये. पण गेले आठ दिवस मला झोप लागते. उशा रचायला नकोत, तरी रचते, सवय झाली म्हणून.

जानेवारीत तुमची तपासणी आहे. आदल्या दिवशी खाली उतरा आणि घरी राहा. तुमची खोली झाडून ठेवली आहे. राहायचं नसेल तर नका राहू, आंबोली आता तुमचं घर आहे हे मी गणपतच्या बायकोच्या तोंडावर बघितलं. पण एक रात्र तरी या.

शेवटची गोष्ट मला लिहूनच ठेवायची आहे, कारण ती मी तिथे बोलू शकले नाही. परत येताना आपण बांद्याच्या खानावळीत जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं होतं. तुमचे भाऊ हात धुवायला गेले होते. माझ्यापुढे ताट आलं, आणि मला भात कुठे आणि मासा कुठे एवढंच दिसत होतं, काटा दिसेना. मी नुसता रस्सा कालवत बसले. तुम्ही न विचारता माझं ताट पुढ्यात ओढलंत. डोळा औषधानं तुमचाही गेलेलाच होता त्या वेळेपुरता. तुम्ही बघतही नव्हतात, दाराकडे तोंड होतं. बोटांनी बांगडा मधोमध उघडलात, सबंध काटा उचलून बाजूला ठेवलात, मग कडेचे बारीक काटे चिमटीनं एकेक काढलेत.

"माका सवय आसा," तुम्ही म्हणालात आणि ताट माझ्यापुढे सरकवलंत. "खा."

मी खाल्लं. एकही काटा लागला नाही.

तुमची,
नीरजा